ज्योतराख्या

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दांचा दुकानदार समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. शेजारच्यांच्या नातीचे नाव, नव्या बंगल्याची पाटी, साठीशांतीच्या पत्रिकेचा मजकूर, यांपैकी काहीही अडले की मंडळी खुशाल आमच्या दाराची कडी वाजवतात. ‘सर, एक छानसा शब्द हवा होता’ असे म्हणतात. आणि तोही अर्थपूर्ण, सोपा, शिवाय अजून कुणी न वापरलेला असा! एका गृहस्थांनी तर पिठाच्या गिरणीसाठी नाव मागितले. मी मोठ्या ऐटीत ‘अन्नपूर्णा’ सुचवले. समोरच्या गिरणीचे नाव तेच असल्याचे सांगून त्यांनी माझी विद्वत्ता जागच्या जागी दळून दिली.

तरीही गेल्या दिवाळीपर्यंत कुणी मला निरुत्तर केले नव्हते. ते काम माझ्या भाच्याने केले.

वसुबारसेची संध्याकाळ होती. भाचेबुवा आजीला भेटायला म्हणून आमच्याकडे आले होते. ते बंगळूरला एका संशोधनसंस्थेत असतात. तिथे ते काय करतात, हे विचारण्याचे धैर्य मला सहा वर्षांत झाले नव्हते. ‘आगीवर काहीतरी करतो’ एवढेच ताई सांगत असे आणि मीही तेवढेच पुढे सांगत असे. आल्या आल्या चकलीचा तुकडा मोडत तो म्हणाला, “मामा, ब्लफ बॉडीला मराठीत काय म्हणायचं?”

मी पत्ते खेळणारा माणूस. ब्लफ म्हटले की हातात दुर्री-तिर्री असताना एक्का असल्याचा आव आणणारे चेहरेच माझ्या डोळ्यांपुढे येतात. मी म्हणालो, “थापाड्या म्हण.”

“अरे, तो ब्लफ नव्हे! ब्लफ म्हणजे बोथट. मासा कसा निमुळता असतो, पाणी त्याच्या अंगावरून सुळकन निघून जातं. विटेचं तसं नाही. वीट प्रवाहात उभी केली की पाणी तिला धडकतं, दोन्ही कडांवरून फाटतं आणि तिच्यामागं खळबळ माजते. प्रवाहाला गैरसोयीची अशी वस्तू. एका शब्दात काय म्हणशील?”

“प्राध्यापक!” स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

त्यावर सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरा शब्द मला सुचत नव्हता. भाच्याला त्याच्या जुन्या शाळेने दिवाळीच्या सुटीनंतर मुलांपुढे बोलायला बोलावले होते, आणि बोलायचे होते मराठीत. मी बराच विचार करून ‘अप्रवाहानुकूल पिंड’ असा शब्द काढला. तो म्हणाला, “मामा, पोरं पळून जातील.”

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्याच दिवशी सकाळी ताईचा फोन आला होता. पोराचे पाचाचे सहावे वर्ष चालू आहे, विद्यावेतन थांबले आहे, प्रयोग काही केल्या मार्गी लागत नाही, आणि आता एका कंपनीची चांगल्या पगाराची नोकरी चालून आली आहे. “प्रबंध सोडून देतो म्हणतोय. तू बोल त्याच्याशी,” ताई म्हणाली. “काय बोलू? सोड म्हणून, की सोडू नको म्हणून?” असे मी विचारले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “ते तुला कळतं.”

मला काय कळते, हे ताईला चांगले ठाऊक आहे. आमच्या माळ्यावर दोन पिशव्या आहेत. २००९ साली मीही एका प्रबंधासाठी नाव नोंदवले होते. विषय होता जात्यावरच्या ओव्यांचा. सिन्नर-निफाडकडच्या खेड्यांतून हिंडून म्हाताऱ्या बायकांपुढे मांडी घालून मी ओव्या टिपून घेतल्या. त्या वह्या आणि ध्वनिफिती त्या पिशव्यांत आहेत. माझ्या नावापुढे मात्र अजून एम्. ए. हीच दोन अक्षरे आहेत. तेव्हा प्रबंध सोडण्याच्या विषयातला जाणकार म्हणून ताईने माझी निवड केली असेल, तर तिचे काही चुकले नव्हते.

सरळ विषय काढायचे मला जमेना. म्हणून मी पणत्या लावायला गॅलरीत गेलो आणि त्यालाही बोलावले. आमची गॅलरी चौथ्या मजल्यावर, वाऱ्याच्या तोंडाशी. एक पणती लावावी तर आधीची विझावी. शेवटी मी ओंजळीचा आडोसा केला आणि एकदम शब्द सापडल्याच्या आनंदात ओरडलो, “आडोसा! तुझ्या त्या बोथट वस्तूला आडोसा म्हण!”

“अर्धा बरोबर,” तो म्हणाला. परीक्षकाने पन्नासातले पंचवीस द्यावेत तसा त्याचा स्वर होता. “पण तुझी पणती आणि माझी ज्योत एका जातीची नव्हे. पणतीत तेलाची वाफ वातीपाशी आणि हवा बाहेर. दोघी जिथे भेटतील तिथे जळतात. म्हणून ही ज्योत वातीला धरून बसलेली असते. आमच्याकडे इंधन आणि हवा आधीच एकजीव मिसळलेली असते. तिथे ज्योत बसत नाही, चालते.”

“चालते म्हणजे?”

“समोर जळण्याजोगं मिश्रण दिसलं की ते जाळत पुढं सरकते. आजीच्या गॅसवर बघ.”

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. चकलीची कढई उतरली होती. निळ्या ज्योतीचे लहान लहान सुळके बर्नरभोवती ओळीने उभे होते. बुन्सेनने १८५५ साली हायडेलबर्गमध्ये वायू आणि हवा आधी मिसळून जाळणारा आपला दिवा तयार केला, त्याच घराण्यातली ही शेगडी. भाच्याने सांगितले की असे मिश्रण शांतपणे वाहत असेल, तर त्यातली ज्योत सेकंदाला जेमतेम ४० सेंटिमीटर चालते. मी मनात हिशेब केला. सकाळी गोदाकाठी फिरताना माझीदेखील चाल याच्या तिप्पट असते, आणि मला तर वाटेत शाळकरी मुलेसुद्धा मागे टाकतात.

“खालून गॅस वर येतोय आणि ज्योत त्याच्याविरुद्ध खाली चालतेय. दोघांची चाल जुळली की ज्योत जागच्या जागी उभी राहिल्यासारखी दिसते. गॅस मंदावला तर ज्योत भोकातून आत शिरते, फट् असा आवाज होतो. गॅस फार जोरात आला तर ती बर्नरवरून उचलली जाते, फुरफुरते आणि विझते.”

रोज दोन वेळा चहा करताना आपण हा तोल पाहत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो! मला मोठी मौज वाटली. पण त्याचे खरे दुखणे पुढेच होते.

“आता हेच मिश्रण सेकंदाला शंभर मीटर वेगानं आलं तर?” त्याने विचारले.

“तर काय, विझेल.”

“मग मिगच्या शेपटीत काय जळत होतं?”

वाचकहो, आम्ही नाशिकची माणसे. आमच्या लहानपणी दुपारच्या झोपेचे दोन शत्रू असत, कुल्फीवाला आणि मिग विमान. ओझरचा विमानांचा कारखाना १९६४ सालचा. मिगचे सांगाडे इथे बनत आणि इंजिने ओडिशातल्या कोरापूटहून येत. कानठळ्या बसवणारा तो आवाज आला की आम्ही पोरे गच्चीवर धावत असू. कपाटातल्या काचा खणखणत, आई ‘आली बाई’ म्हणून लोणच्याच्या बरणीला हात लावी. मिग-२१ ही विमाने २०२५ च्या सप्टेंबरात हवाई दलातून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रातला फोटो पाहून मला प्रथम आठवली ती लोणच्याची बरणी.

त्या विमानाच्या शेपटीतून जी आगीची जीभ बाहेर पडे, तिचे मर्म भाच्याने सांगितले. जेट इंजिनात आत शिरलेल्या हवेतला सगळा प्राणवायू काही खर्च होत नाही, बराच उरतो. उड्डाणाच्या वेळी किंवा अंगावर बेतल्यास जास्त जोर हवा असेल, तर त्या तापलेल्या वायूत मागच्या बाजूला पुन्हा इंधन फवारून ते जाळतात. पण तिथे वायू सेकंदाला शंभर मीटरच्याही वर धावत असतो. म्हणजे ताशी ३६० किलोमीटरच्या पुढे. आपल्याकडचे वादळ त्यापुढे झुळूक म्हणायचे. वायू तापलेला असतो, खळबळलेला असतो. त्यामुळे ज्योतीला अनेक सुरकुत्या पडतात, तिचे अंग वाढते आणि ती शांत प्रवाहातल्यापेक्षा कितीतरी वेगाने जाळत सुटते. तरी एवढ्या वाऱ्याशी तिची बरोबरी होत नाही. शिवाय खळबळीचे दुहेरी आहे. बेताची असेल तर ज्योतीला बळ देते, बेसुमार झाली तर ताणून, फाडून विझवते.

“म्हणून आम्ही मध्ये एक अडथळा उभा करतो,” तो म्हणाला. “विमानात पत्र्याची खोबण असते, कापलेल्या पन्हळीसारखी, टोक वाऱ्याकडे. वारा बाजूंनी निघून जातो आणि मागं ज्योत टिकते.”

“म्हणजे आडोसाच की! मी काय वेगळं म्हणालो?”

“नुसत्या आडोशानं ज्योत टिकत नाही, मामा. तुला दुतोंड्या मारुती आठवतो?”

आता नाशिककराला दुतोंड्या मारुती आठवतो का, असे विचारणे म्हणजे मुंबईकराला लोकल आठवते का असे विचारणे. रामकुंडाजवळ पात्रात उभ्या असलेल्या या मारुतीवरून आमचे गाव पूर मोजते. कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, अशी बातमी घरोघर जाते. २०१९ च्या ऑगस्टात तर पाणी त्याच्याही डोक्यावरून गेले. पण त्याच्या कितीतरी आधी, भाचा पाच-सहा वर्षांचा असताना, मी त्याला खांद्यावर बसवून पूर दाखवायला नेले होते. पाणी त्या दिवशी बेताचेच होते. तांबूस लोंढा मारुतीला दोन्ही बाजूंनी चाटून जात होता. कुणीतरी सोडलेला नारळ वाहत आला. आम्हाला वाटले, गेला आता पुढे. पण तो मारुतीच्या पाठीशी आला आणि चक्क उलटा, वरच्या अंगाला परत फिरला! पुन्हा कडेला आला, पुन्हा आत ओढला गेला. ‘मामा, नारळ घरी जात नाही,’ असे म्हणून हा खांद्यावर टाळ्या पिटत होता. एवढा पूर धावत असताना मारुतीच्या पाठीमागचे हातभर पाणी उलटे वाहत होते.

“तेच!” भाचा म्हणाला. “अडथळ्याच्या मागं भोवरे तयार होतात आणि थोडा वायू मागं फिरतो. एकदा ठिणगी देऊन पेटवलं की त्या भोवऱ्यात जळून गेलेला, दीड-दोन हजार अंश तापलेला वायू घुटमळत राहतो. त्याच्या शिवेवरून ताजं, थंड मिश्रण धावत असतं. जाता जाता त्याला ही आच लागते आणि ते पेट घेतं. ते पेटलं की त्यातलीच थोडी ऊब पुन्हा भोवऱ्यात परत येते. आडोसा नुसता वारा अडवतो. हा जळून गेलेल्याची ऊब राखून ठेवतो आणि येणाऱ्याला देतो. ठिणगी पुन्हा लागत नाही.”

मी काही बोलणार, एवढ्यात आई बोलली. ती इतका वेळ पाटावर बसून अनारशाच्या पिठाच्या गोळ्या करत होती. आमचे बोलणे तिला ऐकू जात असेल, असे मला वाटले नव्हते.

“म्हणजे विस्तव राखायचा,” ती म्हणाली. “त्यात एवढं काय शिकायचंय?”

आईचे बालपण बागलाणातल्या एका खेड्यात गेले. त्या घरी काडेपेटी जपून वापरत. रात्री चुलीतले निखारे राखेखाली पुरून ठेवायचे आणि पहाटे राख सारून त्यांवर चूल पेटवायची. एखाद्या घरचा विस्तव विझलाच, तर त्या घरची पोर गोवरी घेऊन शेजारी जाई. “मीसुद्धा जायचे,” आई म्हणाली. “पण मला घाई फार. गोवरी टेकवली न टेकवली की पळत सुटायचे. घरी येईस्तो नुसता धूर. मग शेजारची काकू म्हणायची, अगं, थांब जरा, धरू दे. विस्तव सगळ्यांना देतो, पण त्याच्यापाशी थांबावं लागतं.”

भाचा ताडकन उठून उभा राहिला.

“आजी, हे शोधायला अमेरिकेत माणसांनी वर्षं घालवली!” आणि मग त्याने सांगितले. १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तंत्रज्ञानसंस्थेत झुकोस्की आणि मार्बल या दोघांनी अडथळ्यामागच्या ज्योती वारा वाढवून वाढवून विझवून पाहिल्या. ज्योत विझणार केव्हा, याचे त्यांनी एक साधे गमक काढले. ताजे मिश्रण त्या तापलेल्या भोवऱ्याच्या शिवेवरून जाताना त्याच्या सहवासात किती वेळ असते, ते पाहा. पेट घ्यायला लागणाऱ्या वेळापेक्षा हा सहवास जास्त असेल तर ज्योत टिकते, कमी पडला तर उडून जाते. पेट्रोलसारखे इंधन आणि हवा योग्य प्रमाणात असली, तर हा वेळ एका सेकंदाच्या सुमारे तीन हजाराव्या भागाएवढा असतो. आईच्या गोवरीला त्यामानाने बराच सवड होती म्हणायची.

“मग अडथळा मोठा घ्या,” मी सल्ला दिला. सल्ला देण्याची सवय मला वर्गात लागलेली आहे.

“मोठा घेतला की भोवरा लांबतो, सहवास वाढतो, हे खरं. पण तो वाट अडवतो. आग लावायची नसते तेव्हाही तो वाऱ्यात उभाच, आणि त्याचा भार इंजिनाला सोसावा लागतो. म्हणून लागेल तेवढाच मोठा.”

जेवणे झाल्यावर त्याने आपल्या लॅपटॉपवर मला त्याची ज्योत दाखवली. डोळ्यांना जे एका क्षणाचे दिसले असते, ते कॅमेऱ्याने कितीतरी पट संथ करून ठेवले होते. डावीकडे एक तिकोनी दांडा. त्याच्या दोन कडांपासून निघून मागे पसरत गेलेल्या ज्योतीच्या दोन निळ्या भिंती. ज्योत पेटलेली असली की तापून फुगलेला वायू मागच्या भोवऱ्यांना दाबून ठेवतो, त्या भिंती पुष्कळशा सरळ राहतात. मग त्याने इंधन हळूहळू कमी केले. आणि भिंतीला एक भोक पडले.

“विझली!” मी म्हणालो.

“थांब.”

ते भोक वाहत पुढे गेले आणि भरून आले. दुसरे पडले, तेही भरले. अशी भोके पडत आणि बुजत ज्योत पुष्कळ वेळ तग धरू शकते, असे तो म्हणाला. मग भोके जास्त होऊ लागली, आणि ती सबंध ज्योत एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, सापासारखी हेलपाटू लागली. फॉन कार्मान या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९११-१२ च्या सुमारास ज्यांचे गणित मांडले, ते आळीपाळीने सुटणारे भोवरे होते ते. ज्योतीच्या उबेने इतका वेळ त्यांना दाबून ठेवले होते. ऊब कमी झाली तसे ते उठले. थोडा वेळ दांड्यामागे एक फिकट निळा गोळा घुटमळला, आणि मग पडदा काळा झाला.

मला सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या घशात काहीतरी दाटून आले.

“ही हेलपाटायला लागण्याआधी कुठंतरी खूण मिळते का, ते मी शोधतोय,” तो म्हणाला. “वैमानिकाला ऐन उड्डाणात जोर हवा असतो, तेव्हा ज्योत गेली तर काय होईल? वीजकेंद्रातल्या वायूच्या टर्बाइनांतही हाच प्रश्न. धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू कमी व्हावेत म्हणून तिथं इंधन कमी आणि हवा जास्त ठेवतात, म्हणजे ज्योत कायम विझण्याच्या काठावर. आधी कळलं तर वाचवता येते. पण माझी खूण एका दिवशी मिळते, दुसऱ्या दिवशी मिळत नाही. तीन वर्षं झाली, मामा. आईनं सांगितलंच असेल तुला.”

तर विषय त्यानेच काढला. माझ्याजवळ ताईने सोपवलेले काम होते, आणि त्या कामाला लागणारे एकही वाक्य नव्हते. म्हणून मी त्याला माझ्या पिशव्यांची गोष्ट सांगितली. ती मी आजवर कुणालाच धड सांगितलेली नव्हती.

लोकांना वाटते, माझा प्रबंध कुठल्याशा संकटाने बुडाला. तसे काही झाले नाही. एका वर्षी वडील आजारी पडले म्हणून तीन महिने खेड्यांत जाणे झाले नाही, पुढे गेलो. मग महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली आल्या, त्यात एक हिवाळा गेला. पुन्हा वही उघडली. मार्गदर्शक निवृत्त झाले, नवे मिळायला वेळ लागला. ज्या म्हाताऱ्यांकडून ओव्या घेतल्या, त्यांतल्या दोघी वारल्या, म्हणून ते गाव टाळले. भोके पडत होती आणि बुजत होती. त्यातले एकही विझण्याजोगे नव्हते. मग एके दिवशी घर रंगवायला काढले, तेव्हा पिशव्या माळ्यावर टाकल्या, आणि रंग वाळल्यावर खाली काढल्या नाहीत. कुणी फुंकर घातली नाही. वाराही त्या दिवशी काही विशेष नव्हता. आपण आता हे करत नाही, हे मला स्वतःलाच वर्षभराने कळले.

“मग मी काय करू?” भाच्याने विचारले.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. मामाने भाच्याला द्यावे असे हे उत्तर नव्हे, पण खरे होते. “नोकरीही वाईट नाही. सोडलंस तर सोडलं असं ठरवून सोड. माझ्यासारखं नकळत होऊ देऊ नको. आणि विस्तवापाशी थोडं थांबून झालंय का, तेवढं बघ.”

तो बराच वेळ गॅलरीतल्या पणत्यांकडे पाहत बसला. मग म्हणाला, “पण शब्द राहिला.”

शब्द शेवटी आईनेच दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘ज्योतधारक’, ‘ज्वालास्थापक’ असली नावे कागदावर मांडून बसलो होतो. ती म्हणाली, “गुरं राखतो तो गुराखी. मग ज्योत राखणारा?” “ज्योतराखी!” मी म्हणालो. भाचा म्हणाला, “राखी म्हटलं की पोरं मनगट पुढं करतील.” तेव्हा ‘ज्योतराख्या’ असे ठरले. कुठल्याही कोशात हा शब्द सापडणार नाही, आणि माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मला याहून चांगला शब्द सुचलेला नाही, हे मला मान्य करायलाच हवे.

शाळेतल्या त्या भाषणाला मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. पोरांनी ज्योतराख्याला टाळ्या दिल्या. दुतोंड्या मारुतीमागच्या नारळाला तर फारच हसली. शेवटी एक बारकासा मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, पण तो ज्योतराख्या स्वतः जळत नाही का?”

“जळतो ना,” भाचा म्हणाला. “समोरून येणारा वायू ज्योतीपेक्षा थंड असतो, धातूही खास उष्णता सोसणारा असतो, म्हणून टिकतो. पण तापून तापून वाकतो, त्याला भेगा जातात. तपासत राहावं लागतं, आणि वेळ आली की बदलावा लागतो.”

घरी येताना मला हिचा तो ‘प्राध्यापक’ हा शब्द आठवला. थट्टेतला शब्द, पण मी तो मनाशी घोळवत राहिलो. दर जूनमध्ये पोरांचा लोंढा येतो, दोन्ही बाजूंनी निघून जातो. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात कुणाला आच लागते, कुणाला लागत नाही. नुसते बोथट असून भागत नाही. पाठीशी थोडी ऊब राखलेली असावी लागते. माझी ऊब माळ्यावर दोन पिशव्यांत बांधून ठेवलेली होती.

त्या रात्री मी शिडी लावली. वह्या धड होत्या. काही पानांना वाळवीने भोके पाडली होती एवढेच. ध्वनिफितींपैकी दोन बिघडल्या, बाकीच्या ऐकू येतात. आता रोज संध्याकाळी मी आईला ओव्या वाचून दाखवतो. एखादा शब्द माझ्याकडून चुकीचा टिपला गेला असेल तर ती दुरुस्त करते, एखादी ओवी तिच्या माहेरी कशी म्हणत ते सांगते. याचा प्रबंध होईल असे मी म्हणत नाही. माझ्या नावापुढची दोन अक्षरे आता मला पुरेशी वाटतात. पण वर्गात ओवी शिकवताना हल्ली पोरे घड्याळाकडे जरा कमी बघतात.

भाचा बंगळूरला परत गेला. ती नोकरी त्याने घेतली नाही. शिकवण्या करून खर्च भागवतो. प्रबंध अजून सादर झालेला नाही, आणि त्याची ती खूण अजूनही एका दिवशी मिळते, दुसऱ्या दिवशी मिळत नाही. पण हल्ली मिळण्याचे दिवस जास्त असतात, असे तो फोनवर सांगतो.

परवा ताई दिवाळीच्या खरेदीला निघाली असताना वाटेत आमच्याकडे आली. चहा घेता घेता तिने मला खोदून खोदून विचारले, “खरं सांग, तू त्याला त्या दिवशी सांगितलंस तरी काय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “त्याला एक शब्द हवा होता, तो दिला. तोही आईचाच.”

ताईचा अर्थातच विश्वास बसला नाही. ती उठून आईकडे गेली, तर आई पाटावर बसून अनारशाच्या गोळ्या करत होती.